एका सेंटिमीटरचं नाही

"तू आधी शाळा पूर्ण कर धाकट्या, मग मला शिकव काय टोचून घ्यायचं नि काय नाही," ताई म्हणाली आणि हातातला कागद तिने माझ्या नाकासमोर नाचवला. "हे बघ. छापलंय. तेही लाल अक्षरात. लाल अक्षरात कुणी थट्टा करत नाही." सकाळपासून आमची हीच जुंपलेली. आज तिच्या दुसऱ्या डोसचा दिवस. धनुर्वाताची लस. पहिला डोस तिने महिन्याभरापूर्वी मुकाट्याने घेतला होता. आरोग्य केंद्र एकला बंद होतं, घड्याळात सव्वादहा होऊन गेलेले, आणि ही बया आठवा सरत आलेलं पोट मांडीवर घेतल्यासारखी पलंगावर बसून, जाणार नाही म्हणजे नाही. मी शाळा सोडली ही गोष्ट ती दर भांडणात बाहेर काढते, दूध उतू गेलं तरी. मी म्हटलं, केंद्रातल्या सिस्टरला अक्कल नाही का, तुला एकटीलाच आहे. ती म्हणाली, सिस्टरला अक्कल आहे, मला पोट आहे. असं काही बोलली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी कागद हिसकावला, चुरगाळून फेकणारच होतो, आणि तेवढ्यात मला ती कड दिसली. वाचलं मी आधी काहीच नाही. नुसती कड दिसली. वर आणि दोन्ही बाजूंना बोटबोटभर कोरी जागा, आणि खाली काही नाही. लाल अक्षरं थेट काठावर, गच्चीच्या कठड्यावर माणसं उभी राहावीत तशी. "या लशीमुळे पोटातल्या बाळाला धोका" आणि पुढे कागद संपला. एवढी स्वच्छ, एका झटक्यातली कड आपल्या भागात एकाच मशीनवर निघते, आणि त्या मशीनवर मी असतो.

प्रेसमध्ये मी कटिंगला आहे. मोठे छापील ताव येतात, त्यांची थप्पी मशीनच्या पोटात सरकवायची, मागची लोखंडी पट्टी चाक फिरवून हव्या त्या मापावर आणायची, वरून दाब द्यायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, मग पातं खाली येतं. दोन बटणं एवढ्यासाठी की दोन्ही हात बाहेर राहावेत. जुन्या मशीनला दांडा होता, बटणं नव्हती, म्हणून ज्यांनी मला काम शिकवलं त्या काकांना सगळे साडेनऊ म्हणतात. त्यांचं अर्धं बोट कुठल्या तरी कॅलेंडरात गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं की कापणाऱ्याने वाचायचं नसतं. वाचायला लागलास की मन कागदात जातं, मन गेलं की मागून बोट जातं. अक्षराकडे बघू नकोस, खुणेकडे बघ. कोपऱ्यात बारीक काळ्या रेघा छापलेल्या असतात, त्या खुणा. मला हे एकदम पटलं. शाळेत सगळे सारखे वाच वाच म्हणून मागे लागलेले, आणि इथे वाचू नको म्हणून पगार. वर्षभरात माझ्या हाताखालून लग्नं गेली, दुकानांची उद्‌घाटनं गेली, मेलेल्या माणसांचे फोटो गेले, मी एक अक्षर वाचलं नाही, आणि एक खूण चुकलो नाही. फक्त त्या एका दिवशी.

त्या दिवशी मालकांनी मला कम्प्युटरवर बसणाऱ्या पोरीसमोर अर्धकच्चा म्हटलं. माझी चूक नव्हती, ताव तिरका आला होता छपाईतूनच, पण मालक म्हणाले, अर्धकच्च्या माणसाच्या हातात पातं दिलं की असंच व्हायचं, आणि ती पोरगी हसली नाही. हसली असती तर बरं. तिने मान खाली घालून की-बोर्ड पुसायला घेतला. माझे कान तापले. मशीनवर आधीचं काम पाकिटांचं होतं, वीस सेंटिमीटरचं. पुढची थप्पी एकवीसची. मी थप्पी आदळली, चाक फिरवलंच नाही, बटणं दाबली. पातं खाली आलं तो आवाज मला बरा वाटला, मालकांच्या मानेवर आल्यासारखा. पुन्हा थप्पी, पुन्हा बटणं. तीन हजार कागद, सहा घाव. खाली पेटीत एकेक सेंटिमीटरच्या पट्ट्या पडत गेल्या, आणि मी बघितलंसुद्धा नाही. खुणेकडेही नाही. रागाकडे बघत होतो.

ताई काहीतरी बोलत होती. वाक्य अर्धवट का सोडलंय सांग ना, म्हणत होती. धोका आहे एवढं लिहायची हिंमत झाली, पुढचं लिहायची झाली नाही. आईच्या वेळी काय झालं विसरलास का, म्हणाली. मग लगेच, तू कुठे, तू सहा वर्षांचा होतास. बाबा खिडकीशी शिलाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पॅंटची कड उसवत होते, त्यांचा हात थांबला आणि परत चालू झाला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली होती मी. पण काय सांगायचं? की तुझ्या हातात जे सत्य आहे ते माझ्या रागाचं कातरण आहे? ज्याला तू आत्ताच अडाणी म्हणालीस, त्यानेच हे छापील शहाणपण कापलंय? मला वाटलं, सांगितलं तर ती म्हणेल, थापा मारतोस, मला नेण्यासाठी. आणि नाही म्हणाली तर माझ्याकडे बघेल. ते दुसरं जास्त भयंकर होतं. मी म्हटलं, अर्ध्या तासात येतो, तयार राहा. ती म्हणाली, कशाला, माझी वरात काढायला? मी जिना उतरलो तेव्हा माझ्या मुठीत तो कागद घामाने भिजला होता.

आमची गल्ली मला तोंडपाठ आहे, पण आज ती वेगळीच दिसत होती. जिकडे बघावं तिकडे तो कागद. लाँड्रीच्या काचेला आतून चिकटवलेला. औषधाच्या दुकानात काउंटरवर गठ्ठा, वर वजन म्हणून खोकल्याची बाटली. एका सायकलच्या दांडीत खोचलेला. तीन दिवसांपूर्वी केंद्राची माणसं घरोघर वाटून गेली होती, आणि त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण ज्याला मजकूर पाठ असतो त्याला गेलेला शब्द दिसत नाही, तो आपल्या डोक्यातलाच वाचतो. आणि बायका. मला आजवर रस्त्यात कधी पोटुशी बाई दिसली नव्हती, म्हणजे असतीलच, पण आज जिला तिला पोट. एक बस-थांब्यावर पर्सने पोट झाकून उभी होती. एक फळांच्या गाडीपाशी वाकताना कंबरेला हात लावून थांबली. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो, कागद आहे का, वाचलाय का. एकीने माझ्याकडे असं बघितलं की मला रस्ता ओलांडावा लागला. मला ओरडून सांगायचं होतं की खाली अजून एक शब्द आहे. पण सतरा वर्षांचा पोरगा रस्त्यात उभा राहून बायकांना धोका नाही धोका नाही ओरडायला लागला तर लोक आधी त्यालाच धोका समजतील.

आईच्या वेळी काय झालं ते मला आठवतं. ताईला वाटतं आठवत नाही. मी तेव्हा सगळ्यात लहान होतो आणि मला सगळे धाकट्या म्हणायचे, आणि मग तो आला. आठ दिवस मी मधला होतो. आई हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आतच, घरीच, मागच्या खोलीत तो जन्मला. शेजारच्या मावशी आत होत्या, त्यांनी दारातून हात बाहेर काढून कात्री मागितली, आणि बाबांनी मशीनवरची कापडाची कात्री सदऱ्याला पुसून दिली. त्या पुसण्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, बाबा किती स्वच्छ. पहिले चारपाच दिवस तो नुसता प्यायचा नि झोपायचा. मग एका सकाळी तो दूध ओढेना. आई त्याच्या ओठांना बोट लावायची, तो तोंड उघडायचा नाही, जबडा असा घट्ट की जणू काही गुपित धरलंय. चेहऱ्यावर एक विचित्र हसू. मग अंग ताठायला लागलं, धनुष्यासारखं. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी हॉस्पिटलात न्या म्हटलं, गाडीची शोधाशोध सुरू झाली, तोवर खोलीत अंधार करा, जरासुद्धा आवाज नको. खिडकीवर घोंगडी टांगली. आम्ही पोरं भिंतीला चिकटून. आणि तेव्हा ते झाकण पडलं. स्टीलच्या डब्याचं झाकण, फरशीवर, आणि ते पडून गप्प बसलं नाही, गोल गोल फिरत राहिलं, लहान लहान होत जाणारा तो आवाज, आणि त्या सबंध वेळात बाळाची पाठ कमानीसारखी उचललेली. कुणीतरी म्हणालं, धाकट्याने पाडलं. कोण म्हणालं आठवत नाही. त्या संध्याकाळी हॉस्पिटलातून आई रिकामी आली आणि मी परत धाकटा झालो. त्यानंतर मला कुणी कधी रागावलं नाही, हेच वाईट होतं. घरात ठरलं ते असं की आईला सुई बाधली. सातव्या महिन्यात घेतली होती, दंड सुजला होता, अंगात कणकण होती, ती बाळाला भोवली. पण मला खरं कारण माहीत होतं. अकरा वर्षं मी ते पोटात घेऊन फिरलो. शाळेत डबे उघडायची वेळ झाली की मी बाहेर जायचो. लोकांना वाटायचं, उनाड आहे.

प्रेसमध्ये मालक फोनवर होते. मी कागद त्यांच्या समोर टेबलावर ठेवला आणि खालची कड बोटाने दाखवली. त्यांनी बघितलं, फोन ठेवला, चष्मा लावला, परत बघितलं. रंग उतरला त्यांचा, ते खोटं नाही बोलणार मी. पण मग म्हणाले, कुणाला बोललायस का? नाही म्हटलं. मग बोलू नकोस, म्हणाले, दुपारी मी स्वतः केंद्रात जाऊन बघतो काय करायचं ते, आणि तसंही असले कागद वाचतंय कोण. मी म्हटलं, माझी बहीण वाचते. त्यांनी फोन परत उचलला. दुपारी म्हणजे केव्हा, विचारलं, तर म्हणाले, जेवणानंतर. केंद्र एकला बंद होतं, हे मी सांगितलं नाही, मला वाटलं आता तोंड उघडलं तर हात उचलेन. मी मागे गेलो. साडेनऊ काका मशीनला तेल घालत होते. त्यांना कागद दाखवला तर ते खूप वेळ बघत राहिले, त्यांना खूण दिसेना, मग त्यांच्या लक्षात आलं की खूण नाहीच, ती कापून गेलीय. मग पहिल्यांदा मी त्यांना वाचताना बघितलं. ओठ हलवून, एकेक अक्षर.

"लोक ध चा मा करतात," ते म्हणाले. "तू अख्खा 'नाही' गिळलास."

हसू आलं मला. काकांनी तेलाचा डबा खाली ठेवला. कातरण अजून गेलेलं नाही, म्हणाले, रद्दीवाला उद्या येतो. मागच्या बोळात पोती होती, सात की आठ, आम्ही दोघांनी ती उपडी करायला घेतली. पाकिटांचे कोपरे, लग्नपत्रिकांच्या सोनेरी कडा, कुणाच्या तरी जाहिरातीतले अर्धे दात. चौथ्या पोत्यात लाल दिसलं. मी ओढलं तर पट्ट्यांचा झुबकाच आला हातात, अगदी एका सेंटिमीटरच्या, आणि प्रत्येकीवर मधोमध एकच शब्द. नाही. नाही. नाही. नाही. हात घालावा तिथे नाही. शेकड्यांनी, हजारांनी, एकमेकांत गुंतलेले, शेवयांसारखे. मी त्या ढिगाऱ्यात गुडघ्यावर बसलो आणि मला वाटलं, एवढं सगळं नाही जगातून काढून घेतलं होतं मी, एका सकाळी, कान तापले म्हणून.

आणि मग मी ते केलं जे कापणाऱ्याने करायचं नसतं. घामेजलेला कागद मांडीवर सरळ केला आणि वरपासून वाचला, मधला बारीक मजकूर, जो ताईने सोडला होता आणि जो कुणीच वाचत नाही. लिहिलं होतं, या लशीत जिवंत जंतू नसतात. जिवंत जंतूंच्या काही लशी असतात, त्या खबरदारी म्हणून गरोदरपणात देत नाहीत, बाळंतपणानंतर देतात. ही त्यातली नाही, ही अनेक वर्षांपासून गरोदर बायकांना देतात. दंड दुखेल, थोडा सुजेल, एखादा दिवस कणकण वाटेल, ते आपोआप जातं. पहिलटकरणीला दोन डोस लागतात. नुसता पहिला पुरत नाही, दुसरा महिन्याने, आणि तो बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे आईच्या अंगात तयार झालेली ताकद बाळापर्यंत पोचते. बाळंतपण हॉस्पिटलात होणार असलं तरी घ्यावी, कारण नाळ गळेपर्यंत ती जखमच असते. आणि मग, लस नसेल आणि नाळ अस्वच्छ हत्याराने कापली गेली तर काय होतं ते. बाळ आठवड्याभरात दूध ओढेनासं होतं. जबडा घट्ट मिटतो. उजेडाने, स्पर्शाने, आवाजाने अंग ताठतं. मी ते परत वाचलं. आवाजाने अंग ताठतं. आवाजाने मरतं असं लिहिलं नव्हतं. झाकण पडायच्या आधीच तो आजार आत होता, सात दिवसांपासून, सदऱ्याला पुसलेल्या कात्रीपासून. आणि मला डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, अकरा वर्षं जुना, दाराच्या फटीतून. ते आईला विचारत होते, दुसरा डोस घेतला होता का? आई बाबांकडे बघत होती. बाबा म्हणाले होते, पहिल्यानेच दंड सुजला, म्हणून मीच म्हटलं राहू दे. मला ते वाक्य नेहमी आठवायचं, पण ते वाक्य कशाबद्दल आहे हे माहीत नव्हतं. पहिला घेतला, दुसरा राहिला. ताईनेही पहिला घेतलाय. पावणेबारा वाजले होते.

मी पट्ट्यांची मूठ खिशात कोंबली, काकांनी गोंदाची बाटली दिली, म्हणाले, जमतील तेवढ्या लाव, बाकीचं पोतं मी राखून ठेवतो, मालकांना मी बघतो. पळत आलो. लाँड्रीपाशी थांबलो मात्र, थांबायला नको होतं, पण काचेतून ते अर्धं वाक्य बघवेना. आत जाऊन कागदाखाली पट्टी चिकटवली तर लाँड्रीवाली बाई इस्त्री उभी करून म्हणाली, काय रे, काय नाही? मी म्हटलं, धोका नाही. तिने वाकून सबंध वाक्य वाचलं. मग म्हणाली, अगं बाई, माझी सून काल घरी बसली ना हे वाचून. मी म्हटलं, तिला पाठवा, आत्ता पाठवा, एकपर्यंत आहे. माझा आवाज चढला असावा, कारण ती इस्त्रीमागे सरकली. मग मात्र पदराला हात पुसत फोन उचलला.

घरी ताई तशीच पलंगावर. बाबांच्या मशीनचा आवाज बंद. मी कागद तिच्या समोर चादरीवर ठेवला, खिशातून एक पट्टी काढली आणि खाली लावली. पट्टी तिरकी बसायची, तीनदा सरळ केली. मग बसली. लाल अक्षराला लाल अक्षर मिळालं. "या लशीमुळे पोटातल्या बाळाला धोका" आणि खाली, मधोमध, "नाही." ताईने बघितलं. बोटाने तो सांधा चाचपला, मागे उलटून बघितला. मग माझ्या खिशाकडे, जिथून आणखी दहाबारा नाही लोंबत होते.

"मी कापलंय हे," मी म्हटलं. "वीसवर कापलं. एकवीसवर कापायचं होतं."

ती थोबाडीत देईल असं वाटलं होतं, मी गाल पुढे करून उभाच होतो म्हणा ना. तिने विचारलं फक्त, किती? मी म्हटलं, तीन हजार. तिने डोळे मिटले. आणि मग मी थांबलोच नाही, सगळं एका दमात सांगत सुटलो, मधला मजकूर, दोन डोस, दुसरा राहिला तर काय, आईचा दंड सुजला ते काहीच नव्हतं, तसा सुजतोच, सुई बाधली नाही ताई, सुई अर्धीच राहिली. बाबा समोर बसलेत हे माझ्या ध्यानात उशिरा आलं. त्यांनी मशीनचा खण उघडला. त्यात एका फडक्यात ती जुनी कात्री असते, ती वापरतही नाहीत आणि टाकतही नाहीत, का ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी खण परत लावला. "जा पोरी," एवढंच म्हणाले, आणि ते मला ऐकू आलं त्याहून कमी आवाजात म्हणाले. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, आणि तो झाकणाने गेला नाही. आवाजाने ताठतात ती बाळं, पण आवाजाने मरत नाहीत, छापलंय इथे, बघ. मी मारलं नाही त्याला. हे असं मोठ्याने मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो आणि बोलताना माझा आवाज सहा वर्षांच्या पोरासारखा झाला, लाज वाटली.

ताईचा चेहरा एकदम उतरला, म्हणजे इतका वेळ जी मोठी बहीण त्यावर बसली होती ती उठून गेली आणि मागे तेरा वर्षांची एक पोरगी राहिली, भिंतीला चिकटलेली.

"झाकण तू पाडलंच नव्हतंस," ती म्हणाली. "माझ्या हातून पडलं. मी तुझं नाव सांगितलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला राग यायला हवा होता, मला कशावरही येतो, चमचा हरवला तरी येतो. अकरा वर्षं. डबे, शाळा, रात्री फरशीवर काही पडलं की छातीत होणारं ते गोल गोल फिरणं. मी रागाची वाट बघितली आणि तो आला नाही, त्याच्या जागी नुसती मोकळी जागा, थप्पी काढून घेतल्यावर मशीनच्या पोटात असते तशी. ती म्हणाली, तू लहान होतास, तुला कुणी काही बोलणार नाही असं वाटलं. नंतर सांगायचं राहिलं. मग तर सांगताच येईना. आणि मला समजलं की ती आज जात नव्हती ते नुसत्या लाल अक्षरांमुळे नव्हतं. तिला वाटत होतं की आपल्या हातून एक गेलंय, आता पोटातलंही जाईल, सुईने नाही तर कशाने तरी. कागद तिला निमित्त मिळाला. तिच्याही डोक्यात एक वाक्य अर्धंच छापलेलं होतं इतकी वर्षं. मी म्हटलं, पण तूही नाही मारलंस ना, तेच तर सांगतोय, वाच तरी. ती म्हणाली, वाचते. पण वाचेना. पोटावर हात ठेवून बसून राहिली, आणि तिच्या हाताखाली काहीतरी हललं, मला दिसलं ते, गाऊनवरून, एक लहानसा धक्का, आतून कुणी कोपर मारावं तसा.

मग ती उठली, पट्टी आणि कागद दोन्ही उचलले, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. साडेबारा झाले होते. आता बारा चाळीस. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलोय, चपला घालून, दाराकडे पाठ करून, कारण दाराकडे तोंड केलं की मी लाथ मारेन. आजच घ्यायला पाहिजे असं काही नाही, हे मला माहीत आहे, मोठ्या हॉस्पिटलात उद्याही देतात, परवाही देतात. पण ताईलाही मी ओळखतो. तिचं नाही एकदा वाळलं की सिमेंट. आज उंबरा ओलांडला नाही तर उद्या नाही, मग तारीख जवळ येईल, मग दोन आठवडे उरणार नाहीत, आणि मग आम्ही सगळे परत खिडकीवर काहीतरी टांगून श्वास धरून बसू, एकमेकांच्या हातांकडे बघत. आतून आवाज नाही. बाबाही मशीन चालवत नाहीत. मी खिशातल्या पट्ट्या काढून गुडघ्यावर सरळ करतोय, एकेक, बोटाला गोंद लागलाय, तो शब्द मला आता शब्दासारखा दिसतच नाहीये, नुसत्या लाल रेघा, खुणा. केंद्र इथून सात मिनिटं, तिच्या चालीने पंधरा. बारा त्रेचाळीस. लाँड्रीवालीची सून खालून जाताना दिसली, एका हाताने रस्त्याकडेचा कठडा धरून, घाईत, सासू मागे छत्रीने तिच्यावर सावली धरून. मी हाक मारणार होतो, कशाला ते माहीत नाही.

कपाट उघडल्याचा आवाज. कपाटात ताईचं ते कार्ड असतं, ज्यावर एक चौकोन भरलाय आणि एक कोरा आहे. कडी निघाली. मागे वळून बघायची हिंमत नाही, पण फरशीवर आवाज येतोय तो अनवाणी पायांचा नाही. चपलांचा आहे. मला आता निघायला हवं.